उम्म वजीहच्या खुर्च्या

आमच्या बैरुतच्या गल्लीत उम्म वजीहसमोर आवाज काढायची हिंमत एकट्या तिच्या इस्त्रीत होती, आणि तीही फुसफुसण्यापलीकडे जात नसे.

युद्धाच्या आठव्या वर्षी तिच्या लाँड्रीसमोर गाडीबॉम्ब फुटला. वर राहणाऱ्या उस्ताद नौफलांसाठी होता तो. सगळ्याच टोळ्यांविरुद्ध वर्तमानपत्रात लिहायचे ना! उस्तादांचं दोन बोटांवर निभावलं. दारात उभा असलेला उम्म वजीहचा नवरा मात्र जागीच गेला.

चाळिसावा दिवस झाला तसे आम्ही पुरुष तिच्याकडे गेलो. तोंड मीच उघडलं, "उस्तादांना दुसरीकडे जायला सांग. तुझं ऐकतील."

"नवरा माझा गेला आणि पाय तुझे लटपटतात होय, अबू नईम?" तिने इस्त्री आपटली. "शेजारी कुठेही जाणार नाही. अनोळखी गाडी इथे थांबणार नाही. झालं?"

आपल्या गाडीची जागा राखायला आमच्याकडे रस्त्यावर खुर्ची ठेवतात. हिने गल्लीभर मांडल्या. डिकी दाखवल्याशिवाय ओळखीच्यालाही खुर्ची हलायची नाही. माझ्या डिकीत अरक दारूच्या तीन बाटल्या निघाल्या, तर या बयेने खिडकीखालून माझ्या बायकोलाच हाक मारली!

मग एका सकाळी पांढरी गाडी आली. आत सुटाबुटातला तरुण.

"मावशी, खुर्ची काढा. औषध घेऊन पाच मिनिटांत येतो."

"घे की. आधी डिकी उघड."

"मी कोणाचा माणूस आहे, ठाऊक आहे?"

"आईचा असशील. उघड."

त्याने कोट सारून पिस्तूल दाखवलं. तिने खुर्ची गाडीच्या अगदी नाकासमोर ओढली, तीवर बसली आणि उस्तादांच्या शर्टाला बटण लावू लागली.

माझे पाय खरंच लटपटत होते. तरी घरातली खुर्ची उचलली, लग्नातली, मखमली, आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. मग न्हावी आला. खाटीक आला. माझी बायको स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली. शेवटी स्वतः उस्ताद, पायजम्यात.

तरुणाने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि गाडी मागे घेत निघून गेला.

"आत नुसती संत्रीही असतील," मी म्हणालो.

"संत्री असती तर दाखवली असती," तिने दाताने दोरा तोडला. "उस्ताद, हा तुमचा शर्ट. आणि अबू नईम, तुझी ती मखमली इथेच राहू दे. कोपऱ्यावर एक कमीच पडत होती."