माफीनामे लिहिणारा मामा

माझ्या मामाचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. सरकारी इस्पितळाच्या आस्थापना शाखेत तो कारकून होता आणि तिथे सगळे त्याला मोतीभाऊ म्हणत. नुसतं मोत्या म्हणायची हिंमत फक्त माझ्या आईची, कारण ती त्याची थोरली बहीण. नावाप्रमाणेच इमानी आहे हो आमचा, असं ती चारचौघांत सांगायची आणि मामा हसायचा. त्याला कशाचाच राग येत नसे. मला त्याच्या त्या न रागावण्याचाच राग यायचा.

आस्थापना शाखा म्हणजे नेमणुका, रजा, बढत्या आणि शिक्षा जिथे कागदावर उतरतात ती खोली. चार लोखंडी कपाटं, त्यांवर छतापर्यंत फायली आणि खिडकीशी मामाचं टेबल. नोकरीच्या नियमांचं जाडजूड पुस्तक त्याला तोंडपाठ होतं, पण नियम विचारायला कोण येतो? लोक यायचे ते माफीनामा लिहून घ्यायला. तिथली रीतच तशी पडली होती. कोणी उशिरा आलं, कोणाच्या हातून काही फुटलं, कोणाची कोणाशी जुंपली, की अधीक्षक म्हणायचे, "लिहून दे दोन ओळी, मिटवून टाकू." मग मामा त्याच्या सुरेख अक्षरात 'चूक झाली, क्षमा असावी' असं लिहायचा, खाली सही घ्यायचा आणि प्रकरण खरोखरच मिटायचं. बावीस वर्षं त्याने हे केलं. आपण लोकांचं भलं करतोय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

लॉन्ड्रीतल्या बाईंचं मात्र मिटलं नाही. सव्वीस वर्षं त्या इस्पितळाच्या चादरी धूत होत्या. सही यायची, वाचायला मात्र अक्षर अक्षर लावावं लागायचं. एका वर्षअखेरीला मोजदादीत एकशे चाळीस चादरी कमी भरल्या. त्या गेल्या कुठे, हे वॉर्डातल्या प्रत्येकाला माहीत होतं. फाटक्या चादरी कापून पुसायला घेत होते आणि त्याची नोंद दोन वर्षं कोणी केलीच नव्हती. अधीक्षकांनी बाईंनाही नेहमीच्या दोन ओळी सांगितल्या. मामाने लिहिल्या. त्या दिवशी टेबलापाशी गर्दी होती, म्हणून त्याने वाचून दाखवलं नाही. बाईंनीही विश्वासाने सही केली.

तीन आठवड्यांनी बाईंच्या हातात दोषारोपपत्र पडलं. चादरींची अफरातफर केल्याचा आरोप, आणि सोबत पहिला पुरावा म्हणून त्यांचाच माफीनामा. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. नोकरीतून काढलं असतं तर पेन्शनही बुडालं असतं, आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला.

बाई मामाच्या टेबलाशी आल्या. आवाज चढवला नाही. त्यात काय लिहिलंय, एवढंच विचारलं. मामाने वाचलं: 'चादरींबाबतची चूक माझ्या हातून झाली आहे.'

"मला वाटलं, चादरी कमी भरल्या एवढंच लिहिलंय," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आला आणि पानावरून तसाच उठला. विभागीय चौकशीत कर्मचाऱ्याला नोकरीतलाच एखादा सहकारी बचावासाठी सोबत घेता येतो. बाईंनी मामालाच विचारलं होतं. पण नुसतं शेजारी बसून भागणार नव्हतं. गुन्हा कबूल केलाय म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतो? ती कबुली कशी तयार झाली हे सांगू शकणारा माणूस एकच, आणि त्याला बचाव सहायक नव्हे, साक्षीदार व्हावं लागणार होतं. साक्ष दिली की तो स्वतः अडकणार. त्याच वर्षी त्याला बढती मिळायची होती.

"भीड भिकेची बहीण, हे किती वेळा सांगितलं तुला," आई म्हणाली. "आता गप्प राहा. बघेल दुसरं कोणी."

मीही आईचीच री ओढली. त्याची मला आजही लाज वाटते.

मामाने साक्ष दिली. मजकूर माझा, बाईंना वाचून दाखवला नव्हता, आणि असे कागद मी शेकड्यांनी लिहिलेत, हे त्याने सरळ सांगून टाकलं. मग कुठे वॉर्डातल्या परिचारिकांना बोलावलं, कापलेल्या चादरींच्या चिंध्या पाहिल्या, आणि बाई सुटल्या.

महिन्याभरात मामावर दोषारोपपत्र आलं: कर्तव्यात कसूर. अधीक्षकांनी त्याला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली आणि मायेने म्हणाले, दोन ओळी लिहून द्या, मोतीभाऊ, मिटवून टाकू. मामाने नाही म्हटलं. चौकशी होऊ द्या म्हणाला. त्याच्या तोंडून वरिष्ठांना गेलेला हा बहुधा पहिलाच नकार.

आता बचावाला सोबत कोण बसणार? ज्यांचे माफीनामे लिहिले त्यांतल्या एकालाही त्या तारखेला सवड नव्हती. फक्त लॉन्ड्रीतल्या बाई येऊन विचारून गेल्या, सोबत बसायला शिक्षण लागतं का? मामाने पुस्तक उघडून नियम वाचून दाखवला. नोकरीत असलं की झालं, शिक्षणाचा त्यात उल्लेखच नव्हता.

निकाल आत्ताच सांगून टाकते, म्हणजे उगाच आशा नको. मामाची बढती तीन वर्षं रोखली गेली आणि ती मिळण्याआधीच तो त्याच टेबलावरून निवृत्त झाला. तरी त्या दिवसाची हकिकत तो इतक्या वेळा सांगतो, की ती खोली मी स्वतःच पाहिल्यासारखी वाटते.

समोर चौकशी अधिकारी, बाजूला जबाब उतरवून घेणारी टंकलेखिका, तिच्या कागदावर शेवटी सगळ्यांच्या सह्या व्हायच्या; साक्षीदाराच्या खुर्चीत अधीक्षक. मामाच्या शेजारी बाई, सोड्याने पांढरे पडलेले हात मांडीवर ठेवून तासभर ऐकत बसलेल्या. शेवटी अधिकाऱ्यांनी रिवाज म्हणून विचारलं, बचाव सहायकांना साक्षीदाराला काही विचारायचंय का? बाई उभ्या राहिल्या.

"यांनी वाचून दाखवलं नाही, ते चुकलंच. ते स्वतःच तसं म्हणतात. पण लिही म्हणून सांगायचं कोण, तेवढं मला या साहेबांना विचारायचंय."

अधीक्षक खिडकीबाहेर पाहू लागले. टंकलेखिकेचे हात थांबले. हा प्रश्न नोंदवायची गरज नाही, असं अधिकारी म्हणाले.

बाई खाली बसल्या नाहीत.

"लिहा साहेब," त्या म्हणाल्या. "आणि लिहून झालं की मला वाचून दाखवा. त्याशिवाय मी सही करणार नाही."