काकांचा पांढरा रुमाल

सकाळी दूध संकलन केंद्राचं दार उघडलं, की काका आधी खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून झटकायचे. काकूंनी धुऊन, इस्त्री करून दिलेला. त्याने काचेच्या नळ्या पुसल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही.

श्रीवर्धनजवळच्या त्या केंद्रात मी नोंदी ठेवायचो आणि काका दूध तपासायचे. दुधातल्या प्रथिनांवर अदृश्य किरण टाकले की ती मंद चमकतात. ती चमक मोजून यंत्र आकडा देतं. आधी नुसत्या पाण्याची नळी ठेवून शून्य लावायचं. मग दूध. आकडा कमी आला, तर दुधात पाणी. कोणी हुज्जत घातली, की काकांचं ठरलेलं, "यंत्र तोंड बघत नाही बाबा!" असा एखादा सरळ, ताठ माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

एके दिवशी रांगेत पहिलीच एक विधवा बाई होती. एका म्हशीवर तिचं घर चालायचं. तिचा आकडा फारच खाली आला.

"पाणी आहे," काका सगळ्यांदेखत म्हणाले.

"म्हशीनं पिलं आसल, काका. मी घातलं न्हाय."

रांग हसली. मीही हसलो, त्याची आजही लाज वाटते. ती बरणी उचलून गेली ती परत आली नाही.

पंधरवड्याने यंत्र तपासायला आलेल्या माणसाने काकांचा रुमाल पाहून कपाळाला हात लावला. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, तेही त्याच किरणांत चमकतं. रुमालाचे तंतू पाण्याच्या नळीला चिकटले की नुसतं पाणीही चमकतं, शून्यच चुकतं आणि दुधाचा आकडा खाली येतो. त्या दिवशी बाईनंतर काकांनी नळी विसळून शून्य पुन्हा लावलं होतं, म्हणून बाकीचे सुटले.

दुसऱ्या सकाळी काका रांगेपुढे उभे राहिले. "चूक माझी होती. बाई खरी होती." मग मला घेऊन तिच्या घरी गेले. गोठा रिकामा होता. म्हैस तिने विकली होती.

"बसा," ती म्हणाली. "चा कोराच हाय. दूध न्हाय आता."

काकांनी तो कसाबसा संपवला.

त्यानंतर रुमाल खिशातच राहायचा. घरी निघताना मात्र काका तो दाराच्या बिजागरीवर घासून मळवायचे. "तुझ्या काकूच्या धुण्यामुळे झालं, हे तिला कळायला नको," एवढंच एकदा म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. भेटायला गेलो, तर काकूंनी घडी घातलेले रुमाल माझ्यापुढे ठेवले. सगळ्यात वरच्या रुमालावर काळपट डाग होता.

"हा एवढा काही निघाला नाही हो," त्या म्हणाल्या. "यंत्राचं काम फार मळकट असतं का?"

"फार, काकू," मी म्हणालो.