न मागितलेली रजा

आई दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात माझ्या साहेबांना माफ करायची. त्या काळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमधून मिस्सा ऐकून आली की जेवणाआधीच्या प्रार्थनेत मोठ्याने म्हणायची, "ज्यांनी माझ्या लेकीला बापाच्या शेवटच्या दिवसांत रजा दिली नाही, त्यांना मी क्षमा करते." ही क्षमा साधारण ईस्टरपर्यंत टिकायची. मग वसईहून कुणाचा तरी फोन यायचा, बाबांचा विषय निघायचा आणि साहेबांचा पुन्हा उद्धार सुरू व्हायचा.

मी ताटाकडे बघत आमेन म्हणायचे. साहेबांनी रजा नाकारलीच नव्हती. मी ती मागितली नव्हती.

बाबा वसईला अंथरुणाला खिळलेले असताना भावाचा फोन आला होता, "फार तर तीन-चार दिवस आहेत, नीघ." मी तेव्हाही दिल्लीतच, केंद्र सरकारच्या एका खात्यात. मी म्हटलं, "संसदेचं अधिवेशन चालू आहे, रजा मिळत नाहीये." अधिवेशन खरंच होतं. पण आमचे साहेब म्हणजे शिपायाला ताप आला तर त्याला स्वतःच्या गाडीतून घरी सोडणारे पंजाबी गृहस्थ. नुसतं कानावर घातलं असतं तरी, "अरे, आप अभी तक यहाँ क्यों बैठी हैं?" म्हणत त्यांनी मला हाकललं असतं. म्हणूनच मी त्यांना काही कळू दिलं नाही. बाबांना तशा अवस्थेत बघायची मला भीती वाटत होती, एवढंच खरं कारण. तीन दिवस मी खासदारांच्या प्रश्नांची उत्तरं तपासत बसले आणि चौथ्या दिवशी विमानाने अंत्यविधीला गेले.

पुढे आई आमच्याकडे, दिल्लीलगतच्या इंदिरापुरमला, राहायला आली आणि तिच्याबरोबर माझं खोटंही घरात कायमचं मुक्कामाला आलं. दरवर्षी पापनिवेदनाला मी जायचे, राग केला, कुचाळक्या केल्या, अशी फुटकळ पापं सांगून परत यायचे. हे मात्र जिभेवर येत नव्हतं.

गेल्या उपवासकाळात मी एक शक्कल लढवली. आमच्या चर्चमधले नवे फादर झारखंडचे. इथे लोक हिंदीत नाहीतर इंग्रजीत पापं सांगतात. मी ठरवलं, आपण मराठीत सांगायचं. देवाला मराठी कळतं, फादरना कळत नाही, म्हणजे पापही सांगून होईल आणि लाजही राहील. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाला असे मार्ग आपोआप सुचतात.

जाळीपलीकडे फादरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बहनजी, आप तो हिंदी बहुत अच्छी बोलती हैं. पिछले इतवार मिस्सा में पाठ आप ही ने पढ़ा था न?"

माझे कान तापले. पळून जावंसं वाटलं.

"ईश्वर समझ गया होगा," ते म्हणाले. "वह तो आपकी राह देख रहा था. बस, एक वाक्य मुझे भी बता दीजिए."

ते एक वाक्य सांगायला मला मघाच्या सगळ्या पाल्हाळापेक्षा जास्त वेळ लागला. "पिताजी मर रहे थे, मैं डर के मारे गई नहीं, और माँ से झूठ बोला." बोलता बोलता रडू कोसळलं. पर्समध्ये रुमालही सापडेना. फादरनी काहीही खोदून न विचारता पापक्षमा दिली. इतकी सहज मिळाली की मला उलट अपराधी वाटलं. प्रायश्चित्त मात्र एकच दिलं, हे आईला सांगायचं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आई बाल्कनीत उन्हात मटार सोलत होती. मी शेजारी बसले आणि धीर जायच्या आत सगळं सांगून टाकलं.

तिचे हात थांबले. "म्हणजे त्या बिचाऱ्या माणसाला मी सात वर्षं बोल लावतेय?"

"हो."

"आता मलाच कन्फेशनला जायला हवं." तिचा आवाज चांगलाच चढला होता. मग तिने पुढची शेंग उचलून फोडली. खाली भाजीवाल्याची हाक येऊन गेली. मला वाटलं, ही आता वसईला परत जाते म्हणणार.

"भीती कसली वाटली गं, बाय?"

"त्यांना तसं बघायची."

"मलाही वाटत होती," आई म्हणाली. "पण मी कुठे जाणार होते?"

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही. बाबांचं शेवटी काय झालं, हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर माझ्या रजेचा विषय निघाला असता. तिने अर्धे मटार माझ्या पुढ्यात सारले.

"पहिल्या दिवशी त्यांनी पेज मागितली," ती म्हणाली, आणि ते तीन दिवस मला सुरुवातीपासून सांगू लागली.