दोन आजार, एक अर्जदार

विषय : एकाच अर्जदाराच्या देहात अमायलॉइडोसिस व रक्ताचा कॅन्सर आढळल्याबाबत, तसेच अर्जदार आणखी किती टिकेल, याबाबत.

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, सुरतेच्या हॉस्पिटलात दर मंगळवारी इंजेक्शन घेणाऱ्या आम्हा मंडळींकडे किस्से तुंबतात. आमच्या ऑफिसात फायली तुंबायच्या, तसेच. फरक इतकाच, की हे कोणी दाबून ठेवत नाही.

*

निदान सांगताना डॉक्टरबेन फार हळू बोलत होत्या. हाडांच्या मज्जेत कॅन्सर आहे, आणि त्याच बिघडलेल्या पेशी सोडतात ते अमायलॉइड नावाचं प्रथिन हृदयात साचतंय. दोन्ही एकत्र आले की काम अवघड होतं. मी म्हटलं, इथल्या साडी मार्केटात एकावर एक फुकट मिळते, तसंच की हे. त्या हसल्या नाहीत. माझी बायको सुमन हसली, आणि मग बाहेर जाऊन रडली.

*

शेजारच्या खुर्चीत गुलाबराव. धुळ्याकडचे, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रंगमास्तर. त्यांना नुसता कॅन्सर. अमायलॉइड ओळखायला पोटाच्या चरबीचा तुकडा लाल रंगवतात आणि खास उजेडात तो हिरवा चमकला की रोग पक्का, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले :

"भाऊसाहेब, लाल रंगाडी हिरवा निंघना, तं आमनाकडे माल परत येस."

मी विचारलं, हा माल परत कुठे पाठवायचा?

*

इंजेक्शनच्या दिवशी स्टिरॉइडच्या गोळ्या असतात. त्या घेतल्या की माझ्या अंगात हेडक्लार्क संचारतो. एकदा स्वयंपाकघरातले सगळे डबे नंबर टाकून लावले. सुमनला दोन दिवस हळद सापडली नाही.

गुलाबराव त्याच गोळ्या घेऊन मिलमध्ये गेले आणि तिघांना शिव्या देऊन आले. तिघांनी पेढे वाटले, मास्तर बरे झाले म्हणून.

*

शेवटी मी डॉक्टरबेनना कागदच दिला : "माझ्याकडे किती अवधी आहे, ते कृपया लेखी कळवावे." त्यांनी खाली लिहिलं : "हृदय किती सावरतं त्यावर अवलंबून. तीन महिन्यांनी रिपोर्ट पाहून ठरवू."

नोकरीभर मी लोकांना असलीच उत्तरं दिली. त्यात इतकी माया असू शकते, हे ठाऊक असतं तर जरा बऱ्या अक्षरात लिहिली असती.

*

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. रक्तातला हृदयाच्या ताणाचा आकडा उतरला होता. अजून बराच उतरायला हवा, पण औषध लागू पडतंय, असं डॉक्टरबेन म्हणाल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं; वय आडवं आलं.

त्याच आठवड्यात सुमनने माझ्या नावाने पासपोर्टचा अर्ज भरला. आम्ही आजवर दमणच्या पुढे गेलेलो नाही.

चौकशीला पोलीस आला. चहा घेत त्याने विचारलं, काका कुठे जाणार?

सुमन म्हणाली, "कुठेच नाही. दहा वर्षांचा द्या."

पडताळणी झाली आहे. अर्ज प्रलंबित आहे.