थोरल्याच्या आधी नाही

कॉम्प्युटरांमध्येही थोरलेधाकटेपण असतं आणि ते पाळावं लागतं, असं मानणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नांदेडला राहतो. तो माझा थोरला दीर. निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांच्या नादी लागतात, भाऊजी लिनक्सच्या लागले. नातेवाइकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणायचे, पुसायचे, त्यांत विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घालायची आणि कामाला लावायचे. एक स्वयंपाकघरात जाऊबाईंना भजनं ऐकवतो, एक दाराशी कोण आलंय ते दाखवतो, आणि एक नुसता बाकीच्यांवर लक्ष ठेवतो. "याला काही काम आहे का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला काय काम होतं?"

सगळ्यांत जुना, ज्याला ते थोरला म्हणतात, तो माझ्या नवऱ्याचा. नवरा गेल्यावर घरात जागा अडते म्हणून मीच तो टेम्पोत घालून नांदेडला पाठवला. सगळ्यांत धाकला म्हणजे माझा लॅपटॉप, तो लातूरला माझ्याकडे असतो. लिनक्सची नवी आवृत्ती आली की भाऊजींचा फोन येतो, आणि तो फोन कसला, आवतनच असतं. "रविवारी समद्यांचं करून टाकू. धाकल्याला घेऊन ये." लॅपटॉपचं लातुरात बसूनही होतं, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही. पण घरची कार्यं फोनवर उरकत नसतात. मग मी एसटीनं नांदेड गाठते. क्रम ठरलेला. आधी थोरला, मग वयाप्रमाणे बाकीचे, शेवटी माझा. थोरला इतका संथ की त्याचं आटपेपर्यंत धपाटे होतात, जेवणं होतात, भांडीही घासून होतात. "आधी माझा करा, मला बस गाठायची आहे," म्हटलं की एकच उत्तर, "थोरल्याच्या आधी न्हाई."

गेल्या खेपेला थोरलाच अडला. नवी आवृत्ती इतक्या जुन्या मशीनवर चालणारच नव्हती, पडद्यावर तसं स्वच्छ लिहून आलं. भाऊजींनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि पेनड्राइव्ह काढून खिशात घातला.

"मग कुणाचंच न्हाई."

"त्याला दुसरं काहीतरी हलकं घाला," मी म्हटलं, "आणि बाकीच्यांना हे."

"एका पंगतीत एकाला येगळं वाढतेत का?"

माझी पंचाईत निराळीच होती. मी घरून गणित शिकवते. देगलूरच्या, चाकूरच्या मुली आपापल्या घरून माझ्या वर्गाला बसतात. त्या वर्गाचा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीवर महिनाअखेरीस बंद पडणार, अशी सूचना रोज येत होती, आणि मुलींची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. लातुरात कुणीही लॅपटॉप करून दिला असता. पण मग माझं पान नांदेडच्या पंगतीतून कायमचं उठलं असतं. शिवाय मला कुतूहल होतं. पंचांगावर हसणारा, नवस न बोलणारा हा माणूस नेमका इथेच कसा अडतो?

स्वयंपाकघरात जाऊन जाऊबाईंना विचारलं, "हे क्रमाचं खूळ कधीपासून?"

त्यांनी तव्यावरचा धपाटा उलटला. "तुझे मालक गेले तवापासून. धाकल्यानं पुढं जायचं नसतं, एवढंच म्हणत होते त्या दिशी. दुसरं काही बोललेच न्हाईत."

मी बाहेर आले. भाऊजी थोरल्यासमोर हात बांधून बसले होते.

"भाऊजी, थोरल्याचं लग्न जमत नसलं तर घरात काय करतात?"

"थोरल्याला इचारतेत."

"तो हो म्हणाला तर?"

"तर धाकल्याचं उरकतेत."

"मग विचारा."

"कुणाला इचारू? मशीन हाय ते," भाऊजी माझ्यावरच वैतागले.

"ज्याचं आहे तो नाही. त्याची बायको आहे. मला विचारा."

त्यांनी खिशातला पेनड्राइव्ह काढून हातात घेतला. मग माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बघत म्हणाले, "पुढं जाऊ का?"

"जा," मी म्हटलं.

संध्याकाळच्या बसच्या आत सगळ्यांचं झालं, माझ्या लॅपटॉपचंही. दुसऱ्या दिवशी वर्ग वेळेवर भरला. थोरला तेवढा जुन्याच आवृत्तीवर राहिला. जुन्याला नेटवर उघडं ठेवणं बरं नाही म्हणून भाऊजींनी त्याची वायर स्वतःच्या हातानं काढली. "आता हा करणार काय?" मी विचारलं. "बसून राहील," ते म्हणाले. "घरात कुणीतरी नुसतं बसलेलं असावं."

आता एक अडचण उरली. थोरल्याच्या आतला घड्याळाचा सेल केव्हाच संपलाय. नेट होतं तोवर तो तारीख बाहेरून घ्यायचा. आता रोज चालू केला की कित्येक वर्षं मागे गेलेला असतो. नवा सेल बटणाएवढा, बसवायला काही वेळ लागत नाही. पुढच्या खेपेला मी लातूरहून घेऊनच गेले. सकाळची वेळ होती. भाऊजी चहाचा कप बाजूला ठेवून थोरल्यासमोर बसले होते आणि एकेका बोटानं तारीख घालत होते. "आज सोमवार हाय," ते हळू आवाजात त्याला सांगत होते. "लातूरची आली हाय."

मी सेल पर्समधून काढला नाही.