गाडीची उत्तरपूजा

आमचे बाबा यवतमाळला वकिली करायचे आणि त्यांची चूक कधी नसायची. हे मी कौतुकाने सांगत नाही. सतराव्या वर्षी मला त्याचा फार राग यायचा. आता सत्तरी गाठली, तरी तो सगळा गेला असं काही म्हणता येत नाही.

त्यांची एक जुनी काळी मोटार होती, कापसाच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. ड्रायव्हर ठेवायला ते तयार नव्हते. बाभुळगाव असो की राळेगाव, पक्षकाराच्या कामाला जायचं तर स्वतः गाडी काढायची. घरामागे पूर्वी बैलांचा कोठा होता. त्यालाच दोन फळ्यांचं दार आणि कडीकोयंडा लावून आम्ही गॅरेज म्हणायचो.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी गाडीला पोचे पडायला लागले. पहिला होळीच्या सुमारास, गॅरेजच्या चौकटीला घासून. बाबा म्हणाले, सुतारानं चौकट आत घेतली. चौकट बसवून तीन वर्षं झाली होती, पण वकिलापुढे कोण बोलणार. मग मैलाच्या दगडाला मडगार्ड लागलं, तर तो दगड म्हणे सडकेच्या फार जवळ रोवला होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी स्वयंपाकघरात म्हणाले तेव्हा आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

पोचे काढायला एक मिस्त्री यायचे. मुसलमान गृहस्थ, कॉटन मार्केटजवळ टिनाच्या शेडात त्यांचं दुकान. बाहेरून लोखंडी ठोकळा धरायचा आणि आतून हातोडीने हळूहळू ठोकायचं, हे काम ते तासन्‌तास करत. आषाढात ते तिसऱ्यांदा आले. मी चहा घेऊन गेले तर हातोडी खाली ठेवून म्हणाले, "बेटी, एक गोष्ट सांग. सारे पोचे डाव्याच बाजूले कसे? साहेबांचा डावा डोळा बराबर हाये ना?"

मी तडक आईकडे गेले. ती तूरडाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत हाये मले. ताटातलं मीठ घ्याले गेले का त्यायचं बोट वरणात जाते. मोतीबिंदू हाये तो. दुसऱ्या डोळ्यातही उतरून राह्यला."

"मंग सांगत काहून नाई तू?"

"तू सांगून पाह्य."

मी सांगून पाहिलं. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं, म्हणाले, "माझी नजर घारीची हाये. तू आपली मॅट्रिक पाह्य." आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला रडू आलं नाही, चीड आली. हा माणूस एक दिवस कोणाला तरी चाकाखाली घेणार आणि वर त्याच्यावरच दावा लावणार, असं मी आईला म्हणाले.

भाद्रपदात आम्ही कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. आई आणि मी मागे, धाकटा भाऊ पुढे डाव्या खिडकीशी. सहा वर्षांचा होता. परतताना आमच्या पुढे लाकडाची बंडी चालली होती. बंडीवाल्याने बैल पार सडकेखाली उतरवले होते, तरी तिच्या चाकाबाहेर आलेला कणा आमच्या गाडीला मडगार्डापासून मागच्या दारापर्यंत खरडत गेला. भावाचा हात त्याआधी सारखा खिडकीबाहेर होता. आईने नेमका तेव्हाच त्याला प्रसादाचा पेढा दिला म्हणून त्याने तो आत घेतला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला म्हणतात तसं. पेढा जरा उशिरा मिळाला असता तर तो हात राहिला नसता.

बाबा उतरले आणि बंडीवाल्याला झाडायला लागले. तो बिचारा पागोट्याचं टोक हातात धरून ऐकत राहिला. त्याची काही चूक नाही, असं मी गाडीतून ओरडून सांगितलं. बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घरी येईपर्यंत आईने भावाचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला होता.

नंतर नवरात्र आलं. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात. कुऱ्हाड, विळे, नांगराचा फाळ, बाबांची कायद्याची पुस्तकं आणि अर्थात मोटार. एकदा पूजेत बसलेली वस्तू उत्तरपूजा होईपर्यंत वापरायची नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकायच्या, वस्तू जरा हलवायची, की झाली मोकळी. त्या वर्षी आईने गाडीला हार घातला, गॅरेजला कुलूप लावलं, कुलपालाही हळदीकुंकू वाहिलं आणि चाबी नेऊन पाटावर विळ्यांच्या मधोमध ठेवली.

दसऱ्याला बाबांनी चाबी मागितली. आई म्हणाली, "उत्तरपूजा नाई झाली."

"मंग कर."

"करीन तवा करीन."

पुस्तकं मोकळी झाली, विळे मोकळे झाले, कुऱ्हाड गड्याने लाकडं फोडायला नेली. चाबी तेवढी पाटावर. बाबा खूप भांडले. अशी प्रथा नाही, एकाच पूजेतल्या वस्तू वेगळ्या उचलता येत नाहीत, हे त्यांनी शास्त्राधाराने सिद्ध करून दाखवलं. आई पोळ्या लाटत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "असन. पण माही पूजा अजून उठली नाई." स्वतः पाटावरून चाबी उचलायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही. देवाला किती भीत होते कोण जाणे, आईला भीत होते. बसने ते राळेगावला जाऊन आले आणि बसमध्ये कोंबड्या होत्या म्हणून आम्हा सगळ्यांवर चिडले.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मिस्त्रींना बोलावणं धाडलं. मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन आले. कुलपावरचं कुंकू त्यांनी पाहिलं आणि छिन्नी पिशवीतून काढलीच नाही.

"साहेब, तोडाले दोन मिनिटं लागते. पण हे पूजेतलं कुलूप हाये. भाभींनी हो म्हटलं तं तोडतो."

आई दारात उभी होती. ती आत गेली आणि चाबी घेऊन बाहेर आली. चाबीला अजून अक्षता चिकटलेल्या होत्या. "तोडता कायले," ती म्हणाली आणि चाबी बाबांच्या हातात दिली. "उठली पूजा. उघडा तुमीच." तिच्या मनात नेमकं काय होतं ते मी तिला कधी विचारलं नाही.

बाबा केस जिंकल्यासारखे गॅरेजकडे गेले. दहाचं ऊन होतं आणि कुलूप छपराच्या सावलीत. त्यांनी चाबी लावली, ती कुलपाच्या पत्र्यावर घसरली. परत लावली. मग अंगठ्याने भोक चाचपलं आणि अंगठा काढून चाबी लावेपर्यंत पुन्हा चुकली. असं बराच वेळ चाललं. चाबीचा खरखर आवाज तेवढा येत होता. मिस्त्रींनी मान खाली घातली. मी मात्र पाहत राहिले, आणि मला त्यांची दया आली नाही, हेही सांगून टाकते.

शेवटी त्यांनी न बघताच चाबी माझ्यापुढे धरली. "तू उघड."

मी उघडलं. बाबा गाडीच्या डाव्या बाजूला गेले. खरडलेलं दार अडकत होतं, ते ओढून आत बसले. मिस्त्रींना म्हणाले, "मिस्त्री, राळेगावले जाचं हाये. तुमी चालवा."

मिस्त्रींनी गाडी बाहेर काढली. बाबांनी खिडकीतून आईला विचारलं, "तुले कधीपासून माहीत होतं?"

"आखाडापासून."

"मले चैतापासून."

मला राहवलं नाही. "म्हणजे कळंबले गेलतो तवा तुमाले माहीत होतं," मी म्हणाले. "अन् लहान्याले तुमीच उचलून खिडकीपाशी बसवलं."

"हो," बाबा म्हणाले.

मी कारणाची वाट पाहत उभी राहिले. त्यांनी कारण दिलं नाही.