अण्णांचं आजारपण

"म्हणजे आठवडाभर मी घराबाहेर पडायचंच नाही, असंच ना?" अण्णांनी चहाचा कप टीपॉयवर जरा जोरातच ठेवला.

"पडा हो. पण शाळा सुटायच्या वेळेला नको," विनिता म्हणाली. "सुनंदा टीचर समोरच्याच विंगमध्ये राहतात. तुम्ही खाली दुधी निवडताना दिसलात तर काय म्हणतील?"

"बरा झाला म्हणतील म्हातारा."

"अण्णा, मी लिहिलंय की आजोबा गावी सिरीयस आहेत."

"कुठल्या गावी?"

"गावाचं नाव नाही लिहिलं."

"नशीब माझं. आपलं गाव नेरे. इथून, सुकापुरातून, रिक्षात बसलं की घाम पुसेपर्यंत येतं. तिथे जाऊन यायला तुम्हाला आठवडा लागतो? रांगत जाता काय?"

विनिताला हसू आलं आणि रागही आला. तिने शेवटी नवऱ्याकडे पाहिलं. देवेश दुकानातून जेवायला घरी आला होता आणि मान खाली घालून आमटीभात कालवत होता.

वाद गेल्या रविवारपासून चालला होता. देवेशने केरळची तिकिटं काढली होती. नेत्रावती एक्सप्रेस पनवेललाच थांबते, मुंबई गाठायची कटकट नाही. त्याने आधी अण्णांनाच विचारलं होतं. अण्णा म्हणाले होते, "नारळ आणि होड्या बघायला इतक्या लांब? आणि तेही पोरीची शाळा बुडवून? मी नाही येणार." मग तिघांचीच तिकिटं निघाली. आता तिसरीतल्या रुचिराच्या रजेसाठी विनिताने टीचरना मेसेज पाठवला होता, आणि त्यात सासऱ्यांना आजारी पाडलं होतं.

अण्णांचं नाव प्रभाकर, पण या नावाने त्यांना फक्त पेन्शनवाले ओळखतात. पनवेलच्या एका शाळेत ते शिपाई होते. घंटा त्यांची, हजेरीपट वर्गावर्गात फिरवणं त्यांचं, आणि रजेच्या चिठ्ठ्या बाईंपर्यंत पोहोचवणंही त्यांचंच. चिठ्ठ्या वाचायच्या नसतात, पण त्या वाचल्याशिवाय त्यांचा हात पुढे होत नसे. एका मुलाची आजी त्यांच्या हातून तीनदा वारली होती. तिसऱ्या खेपेला ती स्वतःच नातवाचा विसरलेला डबा घेऊन फाटकात उभी राहिली. अण्णांनी तिला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि "तब्येत कशी आहे?" असं फार आपुलकीने विचारलं. ही गोष्ट ते घरात दरवर्षी सांगत. विनिताने बहुधा तीच ऐकून हा धडा घेतला असावा.

"मे महिन्यात जा ना," अण्णा मुलाला म्हणाले. "सुट्टी असते तेव्हा. अख्खं जग जातं."

देवेशने ताट बाजूला सारलं. "अण्णा, माझं दुकान कशाचं आहे?"

"गणवेशाचं. मला काय विचारतोस?"

"मग शाळेची सुट्टी म्हणजे माझा सीझन. एप्रिलपासून मापं, मेमध्ये गठ्ठे, जूनमध्ये रेनकोट. दिवाळीलाही गर्दी. माशा मारायच्या त्या फक्त आता, फेब्रुवारीत. आता नाही नेलं तर मी रुचीला कधीच कुठे नेणार नाही." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "तुमचंही तेच होतं ना."

ते खरंच होतं. मुलांना सुट्टी लागली की शिपायाचं काम वाढायचं. बाकं घासा, फळे काळे करा, कौलं शाकारून घ्या, ॲडमिशनच्या रांगा लावा. बायको माहेरी जायची आणि छोटा देवेश हट्टाने बापाबरोबर राहायचा. रिकाम्या शाळेत दिवसभर त्यांच्या मागे मागे.

"मोठा होईपर्यंत मला वाटायचं, सुट्टीचा वास ऑइल पेंटसारखा असतो," देवेश म्हणाला. "तक्रार नाही करत. तुम्ही मला घंटा वाजवू द्यायचात, शाळा सुटल्याची, लांबलचक. पण बाहेर पडायला कुणीच नसायचं, आणि आपणही तिथेच."

तेवढ्यात नुकतीच शाळेतून आलेली रुचिरा कपडे बदलून आतून आली. तिने अण्णांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"आजोबा, टीचरनी विचारलं, काय झालंय, तर काय सांगू? कुठे दुखतं तुम्हाला?"

"गुडघा."

"गुडघ्याने कुणी सिरीयस नाही होत," ती म्हणाली. "छातीत सांगू? आणि मी असं तोंड करू का?" तिने ओठ लोंबवून, डोळे बारीक करून दाखवलं. तोंड छान जमलं होतं. आईने कालपासून सराव करून घेतला असावा.

विनिता उठून ताटं आवरायला लागली. तिने कुणाकडेच पाहिलं नाही.

अण्णांनी नातीचे लोंबवलेले ओठ अलगद चिमटीत धरून सरळ केले. "असं तोंड नाही करायचं," ते म्हणाले. मग खुर्चीच्या हातावर भार देत उठले, खुंटीवरचा शर्ट चढवला आणि चपला शोधू लागले.

"अण्णा, कुठे?" विनिता हातातलं ताट घेऊन बाहेर आली. "शाळा सुटलीय. टीचर आत्ता येत असतील!"

"म्हणून तर."

ती गॅलरीत धावली. खाली गेटपाशी सुनंदा टीचर पिशवी सांभाळत रिक्षातून उतरत होत्या आणि गावी सिरीयस असलेले अण्णा त्यांच्या दिशेने टणाटणा चालले होते. दोघं बरंच बोलले. एकदा टीचरनी वर गॅलरीकडे पाहिलं, तशी विनिता वाळत घातलेल्या चादरीमागे झाली. देवेशने दुकानात फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं.

अण्णा परत आले, चपला जागेवर ठेवल्या, पाणी प्यायले.

"काय सांगितलंत?" विनिताचा आवाज बारीक झाला होता.

"खरं ते. पोर फिरायला चाललंय आणि आजोबा ठणठणीत आहे."

"चिडल्या?"

"चिडल्या. चिडायलाच पाहिजे, त्यांचं काम आहे ते. मी ऐकून घेतलं. बाराचा पाढा पक्का करून आणा म्हणाल्या."

"बाराचा!" रुचिरा कळवळली. आता तिचं तोंड सराव न करताच पडलं.

अण्णा खुर्चीत बसले आणि गार झालेला कप विनितापुढे सरकवला.

"चहा गरम कर जरा. आणि देवेश, माझं तिकीट काढ. खालचा बर्थ बघ. मी येतोय."